इनपुटची वाट कोण वळवतो?

प्रोग्रामला लागणारी माहिती कीबोर्डवरून टाइप करण्याऐवजी आधीच तयार ठेवलेल्या फाइलमधून पुरवणे, याला इनपुटचे पुनर्निर्देशन म्हणतात. शंभर आकड्यांची सरासरी काढणारा प्रोग्राम तपासताना प्रत्येक दुरुस्तीनंतर तेच शंभर आकडे पुन्हा टाइप करावे लागू नयेत, हा त्याचा सर्वांत साधा उपयोग होय.

या सोयीचे मूळ 1970च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या युनिक्स प्रणालीत आहे. तेथे रूढ झालेल्या पद्धतीनुसार प्रत्येक प्रोग्रामला सुरू होतानाच तीन वाटा मिळतात: 0 क्रमांकाची इनपुटसाठी, 1 क्रमांकाची उत्तरासाठी आणि 2 क्रमांकाची चुकांच्या संदेशांसाठी. शून्य क्रमांकाच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला कीबोर्ड आहे की फाइल, याची चौकशी प्रोग्रामला करावी लागत नाही. ही जोडणी करतो तो शेल, म्हणजे वापरकर्त्याने टाइप केलेली आज्ञा वाचून प्रोग्राम सुरू करणारा मध्यस्थ. आज्ञेत गणितातील ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह आणि त्यापुढे फाइलचे नाव आढळले, की शेल ती फाइल उघडतो, शून्य क्रमांकाच्या वाटेला जोडतो आणि मगच प्रोग्राम सुरू करतो. ते चिन्ह आणि ते नाव प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाहीत. 1983मध्ये आलेल्या डॉसच्या 2.0 आवृत्तीनेही ही पद्धत स्वीकारली.

त्याच वर्षी आलेल्या टर्बो पास्कलने आणि 1987च्या टर्बो सीने संपादक व कंपायलर एकाच पडद्यावर आणले. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत टर्बो सी दीर्घकाळ शिकवले गेले. अशा एकात्मिक वातावरणात प्रोग्राम बहुधा शेलला वगळून थेट सुरू केला जातो. त्यामुळे आर्ग्युमेंटच्या, म्हणजे प्रोग्रामला सुरू होताना द्यायच्या शब्दांच्या, चौकटीत लिहिलेले चिन्ह वाचणारा कोणी उरत नाही, ते साध्या शब्दासारखे प्रोग्रामच्या हाती पडते आणि प्रोग्राम कीबोर्डकडे पाहत थांबून राहतो. दोष कंपायलरचा वाटतो. प्रत्यक्षात मध्यस्थच गैरहजर असतो.

ही उणीव भरून काढण्याचे तीन मार्ग आहेत. तयार झालेला प्रोग्राम शेलमधून चालवणे हा पहिला. दुसरा मार्ग वातावरणानेच शेलचे काम करण्याचा: व्हिज्युअल स्टुडिओ आर्ग्युमेंटमधील ते चिन्ह ओळखते, तर इंटेलिजे आयडिया व सीलायन यांत इनपुटची फाइल निवडण्याची स्वतंत्र सोय आहे. तिसरा मार्ग सी भाषेच्या प्रमाणित ग्रंथालयातील ‘एफरीओपन’ या फंक्शनचा; त्याद्वारे प्रोग्राम स्वतःच आपली वाट फाइलकडे वळवतो, मात्र फाइलचे नाव प्रोग्राममध्ये लिहिले असेल, तर परत कीबोर्डकडे वळण्यासाठी प्रोग्रामच बदलावा लागतो.

मार्ग कोणताही असो, प्रोग्राम कोणत्या फोल्डरमधून चालवला जातो हे पाहणे आवश्यक ठरते, कारण नुसते नाव दिलेली फाइल तेथेच शोधली जाते. पुनर्निर्देशन फसले, तर प्रोग्राममधील ओळी तपासण्याआधी तो नेमका कोणी आणि कोठून सुरू केला हे विचारणे अधिक फलदायी असते.