डोंगरावरचा 'हॅलो' कितीला पडतो?

वीकएंडला तुम्ही किती खर्च करता? मल्टिप्लेक्समधला एक सिनेमा, मध्यंतरात पॉपकॉर्नचा टब, नंतर बाहेर जेवण... दोघांचे दीड-दोन हजार कुठे गेले ते कळतही नाही. माझे पैसे मात्र कुठे जातात ते मला पक्कं ठाऊक असतं. ते जातात पेट्रोलमध्ये, एसटीच्या तिकिटात, टोलनाक्यावर आणि पायथ्याच्या गावातल्या पिठलं-भाकरीत. आणि त्या बदल्यात मला काय मिळतं? डोंगरमाथ्यावर उभं राहून अनोळखी माणसांशी दोन-दोन मिनिटांच्या गप्पा!

हसू नका. मी हॅम आहे. म्हणजे हौशी रेडिओवाली. नोकरी हिंजवडीत, घर कोथरूडला आणि सॅकमध्ये कायम एक हातात मावणारा वायरलेस सेट. "अगं, मोबाइलमध्ये महिनाभराचं अनलिमिटेड बोलणं असताना डोंगर चढून कशाला बोलायचं?" हा आईचा प्रश्न. उत्तर सोपं आहे. मोबाइलला टॉवर लागतो. माझ्या सेटला फक्त समोरच्याचा सेट लागतो. मध्ये कंपनी नाही, केबल नाही, रिचार्ज नाही.

मग 'फुकटच की!' असं वाटलं ना? थांबा, हिशेब पुढे आहे.

उंची म्हणजेच पॉवर

आधी थोडा सायन्सचा फंडा. आम्ही बहुतेक वेळा दोन मीटर बँडवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये बोलतो. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. समोर बिल्डिंग आली, टेकडी आली की खेळ खल्लास. त्यामुळे सेट किती वॉटचा यापेक्षा तुम्ही किती उंच उभे आहात हे जास्त महत्त्वाचं.

याचा एक सोपा ठोकताळा आहे. आजूबाजूच्या सपाटीपासून तुम्ही जितके मीटर वर असाल त्याचं वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा. तेवढ्या किलोमीटरवर तुमचं रेडिओ-क्षितिज. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. वेताळ टेकडी ८०० च्या आसपास, म्हणजे शहराच्या वर २४० मीटर. क्षितिज आलं ६४ किलोमीटर. सिंहगड सुमारे १३०० मीटर, म्हणजे क्षितिज ११० किलोमीटरच्या पुढे. आणि १६४६ मीटरचं कळसूबाई? कोकणाच्या बाजूला तोंड केलं तर दीडशेच्याही पलीकडे! तोच पाच वॉटचा सेट, तीच बॅटरी. बदलली फक्त उभं राहायची जागा.

थोडक्यात, घरी महागडा सेट आणि गच्चीवर मोठा अँटेना लावायचे पैसे नसतील तर डोंगर हा गरिबाचा अँटेना. पण या अँटेनाला जायला-यायला भाडं पडतं.

एका संपर्काचा भाव

मी बँकिंग सॉफ्टवेअरवाली. त्यामुळे एक्सेल शीट न करता मला झोप येत नाही. डोंगरावरून झालेल्या प्रत्येक गप्पेला आमच्या भाषेत 'क्यूएसओ' म्हणतात. ट्रिपचा खर्च भागिले क्यूएसओ, हा माझा आवडता कॉलम. गेल्या सीझनमधल्या तीन नोंदी बघा.

वेताळ टेकडी : घरून चालत. खर्च म्हणजे उतरल्यावरचे चहा-पोहे, ६० रुपये. सहा क्यूएसओ. भाव १० रुपये.

सिंहगड : स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीची बस, जाऊन-येऊन शंभराच्या आसपास. वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, ताक मिळून दोनशे. पंधरा क्यूएसओ. भाव २० रुपये.

कळसूबाई : चौघांत एक हॅचबॅक. पुण्याहून बारी गाव जाऊन-येऊन साधारण साडेतीनशे किलोमीटर. पेट्रोलनं शंभरी ओलांडलेली, वर टोल, मिळून २८०० रुपये. बारीत मुक्काम आणि दोन जेवणं, डोई ६०० प्रमाणे २४००. पार्किंग आणि प्रवेशशुल्क २००. एकूण ५४००, म्हणजे डोई १३५०. माझे क्यूएसओ झाले सत्तावीस. भाव ५० रुपये.

आता गंमत बघा. हीच कळसूबाई मी एकटीनं गाडी काढून केली असती तर बिल झालं असतं ३५००, आणि एका 'हॅलो'चा भाव १३० रुपये! म्हणजे डोंगर महाग नसतो. गाडीतल्या तीन रिकाम्या सीट महाग असतात.

शीटमध्ये न दिसणारे खर्चही असतात. घाटात झिजणारे टायर, सोमवारची अर्धी रजा, आणि वजन! बारा व्होल्ट सात अँपिअर-अवरची जुन्या पद्धतीची लेड-ॲसिड बॅटरी दोन किलोच्या वर भरते. ती घेऊन कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढून बघा, मग कळेल लोक लिथियम बॅटरीला जास्त पैसे का मोजतात.

पॉइंटचं वेड आणि लांबणारे रस्ते

हा डोंगरवेडेपणा काही आमचाच नाही. ब्रिटनमध्ये २ मार्च २००२ रोजी जॉन लिनफर्ड आणि रिचर्ड न्यूस्टेड या दोन हॅम मंडळींनी 'समिट्स ऑन द एअर', म्हणजेच 'सोटा' सुरू केलं. आज ते जगभर पसरलंय. डोंगराच्या उंचीनुसार एक ते दहा पॉइंट. वरून किमान चार क्यूएसओ झाले तरच पॉइंट पदरात. सगळं सामान स्वतः वाहायचं, शेवटचा टप्पा स्वतःच्या दमावर पार करायचा. गाडीत बसून बोललेलं चालत नाही, जनरेटर चालत नाही. हजार पॉइंट झाले की किताब मिळतो 'माउंटन गोट', आपल्या भाषेत डोंगरी बोकड!

पण त्यात एक नियम खिशाला जबरा चटका देतो. एकाच डोंगराचे पॉइंट वर्षातून एकदाच मिळतात. मग काय होतं? पहिल्या वर्षी घराजवळचे डोंगर संपतात. नंतर पन्नास किलोमीटरवरचे. मग शंभर, मग दोनशे. पॉइंट तेवढाच, पेट्रोल मात्र दुप्पट-तिप्पट. छंद तोच राहतो आणि त्याचा भाव दरवर्षी वर चढतो. उलट घरी बसून डोंगरावरच्यांना गाठणाऱ्या 'चेसर' मंडळींनाही पॉइंट मिळतात, आणि तेही प्रवासखर्च शून्य! हुशार कोण, तुम्हीच ठरवा.

'मला डोंगर परवडतो, गाडी नाही'

इथपर्यंत सगळं मजेमजेत चाललं होतं. मग गेल्या दिवाळीनंतर आमच्या ग्रुपची कट्ट्यावर मीटिंग झाली. पुढच्या चार महिन्यांचे डोंगर ठरत होते. आमच्यातला सगळ्यात धाकटा मेंबर गप्प बसला होता. पहिलीच नोकरी, पगार बावीस हजार, त्यातले आठ हजार कॉट बेसिसच्या खोलीला, पाच हजार गावी. मोर्स कोड मात्र आम्हा सगळ्यांत त्याचाच भारी. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मला डोंगर परवडतो, गाडी परवडत नाही. तुम्ही जाऊन या. मी खालून ऐकतो."

कुणी रागावलं नाही, कुणी हसलंही नाही. पण चहा गार झाला.

हिशेब त्याचाच बरोबर होता. महिन्याला कळसूबाईसारखी एक ट्रिप म्हणजे वर्षाला सोळा हजारांच्या वर. त्याच्या पगारात हे बसत नाही. ग्रुपमधल्या एका सीनिअर काकांनी लगेच खिशात हात घातला, "अरे, तुझा वाटा मी देतो की!" तो म्हणाला, "एकदा द्याल काका. दर महिन्याला मला घ्यायला बरं वाटणार नाही." विषय पैशांचा होता, तसाच मानाचाही होता.

आणि प्रश्न एकट्या मित्राचाही नाही. हॅम रेडिओ फक्त टाइमपास म्हणून टिकलेला नाही. २००१ मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा हॅम मंडळी सेट घेऊन पोचली. २६ डिसेंबर २००४ ला सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांची टीम रेडिओच्याच मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होती. अंदमानचे फोन बंद पडले आणि त्यांच्या सेटवरून निरोप मेनलँडला पोचू लागले. असं काम ऐन वेळी जमत नाही. बॅटरीवर, वाऱ्यात, तारेचा अँटेना झाडाला बांधून बोलायचा सराव लागतो आणि तो डोंगरावरच होतो. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांचाच सराव होणार असेल, तर गरज पडेल त्या दिवशी किती जण हाताशी असतील?

मग आम्ही काय केलं?

त्याच कट्ट्यावर तीन गोष्टी ठरल्या. एक, महिन्याची ऑफिशियल ट्रिप फक्त एसटी, लोकल किंवा सिटी बसनं पोचता येईल अशाच डोंगरावर. दोन, लांबचा डोंगर तीन महिन्यांतून एकदा. गाडी निघणार ती सगळ्या सीट भरल्यावरच, आणि पेट्रोल वाटायचं ते कमावण्याच्या प्रमाणात. तीन, प्रत्येक ट्रिपला कुणीतरी खाली चेसर म्हणून थांबणार आणि त्याचंही नाव लॉगबुकात मानानं लागणार.

दुसऱ्या नियमावर बरीच वादावादी झाली. "पगार काय बोर्डावर लिहायचा का?" असंही कुणीतरी म्हणालं. तोडगा निघाला डब्याचा. परतताना गाडीत एक स्टीलचा डबा फिरतो, ज्यानं त्यानं आपल्याला जमेल ते टाकायचं, कुणी मोजायचं नाही. शेवटी एकूण रक्कम मोजतात आणि कमी पडलेलं कमावते सीनिअर भरतात. आजवर फक्त दोनदा कमी पडलंय.

पहिली बसवाली ट्रिप झाली तोरण्याची. स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी, मग पायपीट. माझा भाव आला २२ रुपये. पोरानं वरून मोर्समध्ये लांबलांबची स्टेशनं गाठली आणि आम्ही बाकीचे नुसते बघत राहिलो. बसचा तोटा एकच. शेवटच्या गाडीची वेळ पाळावी लागते, त्यामुळे बँड कितीही रंगात आला तरी दुपारी गाशा गुंडाळायचा. पण मुलगी म्हणून सांगते, उजेडात खाली उतरणं मला तरी सोयीचंच.

तुम्हालाही जायचंय? मग हे वाचा

आधी परवाना : केंद्र सरकारची परीक्षा पास होऊन लायसन्स आणि कॉलसाइन मिळाल्याशिवाय बटण दाबायचं नाही. बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षा देता येते. घराबाहेरून बोलण्याविषयी तुमच्या लायसन्सवर काय अटी आहेत त्या नीट वाचा.

जागा पारखा : पुरंदरवर लष्कराचा तळ आहे, तिथं सेट घेऊन जायचं मनातही आणू नका. इतर गडांवरही तटबंदीला, बुरुजांना तारा बांधायच्या नाहीत.

सेटवर उधळू नका : हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी डिझाइन केलेला 'बिटएक्स' हा सहज मिळणाऱ्या पार्टमधून घरी जोडता येणारा सेट जगभर गाजलाय. वीस मीटर बँडचा डायपोल म्हणजे तर शेवटी दहा मीटर वायर! वाचलेल्या पैशांत वर्षभराची एसटी होते.

मुंबईकरांसाठी : कसाऱ्यापर्यंत लोकल, तिकीट पन्नाशीच्या आत. पुढे शेअर जीप. कळसूबाई तुम्हाला आमच्यापेक्षा स्वस्त पडते, जळतो आम्ही!

पावसाळा : उघड्या माथ्यावर, हातात उंच काठी आणि तिला तार... वीज कुणाला शोधेल? ढग गडगडले की अँटेना खाली आणि आपणही खाली.

जेवण गावातच : डबा नेऊन शंभर रुपये वाचतील, पण पायथ्याच्या मावशींकडे जेवलात तर पुढच्या वेळी बॅटरी चार्ज करायला प्लग हक्कानं मिळेल.

माझ्या एक्सेल शीटमध्ये हल्ली एक नवा कॉलम आलाय. ट्रिपला किती जण आले? तोरण्याला होतो नऊ जण. त्याआधीच्या कळसूबाईला चार. भाव काय पडला ते मी अजूनही काढते, सवय जात नाही. पण मीटिंगमध्ये आता आधी हा नवा आकडा वाचला जातो.

पुढचा डोंगर ठरलाय राजगड. सेट नसला तरी चालेल, कान घेऊन या. डबा फिरेलच!