चहावर आळ घेण्यापेक्षा गाठ दाखवा

सकाळी उठल्यावर घरात पहिलं आधण चढतं ते चहाचं. गडी रानात जायच्या आधी एक कप, खुरपणीच्या बायांना बांधावर एक, पाहुणा आला की त्याच्यासोबत एक आणि दिवेलागणीला पुन्हा एक. दिवसाकाठी चार कप चहा न घेणारी बाई आपल्या खेड्यांत हुडकूनच काढावी लागेल. अशा वेळी 'चहानं बायकांना छातीचा कॅन्सर होतो' असं कुणी बोललं, की पोटात गोळा येणारच. दुसरीकडं कुणी सांगतं, 'हिरवा चहा प्या, कॅन्सर जवळ फिरकत नाही.' मग साध्या चहापेक्षा कितीतरी महागाचा पुडा घरात येतो. वाचकहो, या दोन्ही बोलण्यांत तथ्य किती, ते आज पाहू.

चहाचा दोष किती?

चहा आणि स्तनांचा कर्करोग यांचा संबंध शोधण्यासाठी अनेक देशांत हजारो बायकांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून अभ्यास झाले. चहा पिणाऱ्या बायकांना हा रोग जास्त होतो, असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. हिरव्या चहातल्या काही द्रव्यांनी प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावते, हे खरं. पण काचेच्या बशीतली पेशी वेगळी आणि जितीजागती बाई वेगळी. जपानात हिरवा चहा घरोघर रोजचा. तिथल्या मोठ्या अभ्यासांतही त्यामुळं हा रोग टळतो, असं ठामपणे दिसलं नाही.

चहाबाबत जपायचं ते वेगळंच आहे. ६५ अंशांहून जास्त गरम पेय सतत प्यायल्यानं अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका संभवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ साली सांगितलं. म्हणजे बशीत ओतून, फुंकर घालून चहा पिणारी आपली आजी शहाणीच म्हणायची! जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्यावा. आणि साखर हात राखून घालावी.

बार्शीची वही काय सांगते?

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून आसपासच्या खेड्यांतल्या कॅन्सर रोग्यांची नोंद ठेवली जाते. ग्रामीण भागासाठीची देशातली ही पहिली नोंदणी. या नोंदींत स्तनांच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबईच्या मानानं बरंच कमी दिसत आलं आहे. आता चहा काय मुंबईत पितात आणि बार्शीत पीत नाहीत, असं थोडंच आहे? फरक आहे तो राहणीचा. पहिलं मूल उशिरा होणं, मुलं कमी, अंगावर पाजण्याचा काळ कमी, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, अंगमेहनत नसणं, दारू, आणि आई-बहिणीला हा रोग झालेला असणं, या गोष्टींनी धोका वाढतो. वाढतं वय तर आहेच. यातल्या बऱ्याच गोष्टी आता खेड्यातही आल्या आहेत. २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा रोग नव्यानं झाल्याचा अंदाज आहे.

लाजेपायी जीव जातो

आपल्या बायांचा घात होतो तो उशिरामुळं. छातीत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. दुखत नाही, म्हणून बाई गप्प बसते. 'दुखंना तर दाखवायची कशाला?' सुगी होऊ दे, लेकीचं लगीन होऊ दे, असं करत वर्ष सरतं. डॉक्टर पुरुष, सांगायची लाज. कुणी लेप लावून देतं. कुणी भीती घालतं, 'सुई लावली की पसरतो.' बायांनो, तपासणीच्या सुईनं कॅन्सर पसरत नाही. आणि सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून तर ती फसवते.

लवकर पाहिल्यानं काय होतं, ते मुंबईत दिसलं. टाटा रुग्णालयानं १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या भागात शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं छाती तपासली. २०२१ साली निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. ना मोठं यंत्र, ना मोठा खर्च!

एवढं करा

महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, आंघोळीच्या वेळी आपली छाती आणि काख हातानं चाचपून पाहा. गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलेलं बोंड, त्यातून येणारं रक्त किंवा पाणी, यांपैकी काही आढळलं तर आठवड्याच्या आत आशाताईला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिशीपुढच्या बायकांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट होते. नर्सबाईकडून तपासून घ्यायचं असेल तर तसं बोला, त्यात कमीपणा नाही. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतातच. निघालाच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयांत उपचार होतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

घरच्या पुरुषांनाही एक सांगणं आहे. बैल लंगडला तर त्याच दिवशी डॉक्टर बोलावता, मग घरधनिणीसाठी सुगीची वाट कशाला बघता?

तेव्हा चहा खुशाल प्या. आज संध्याकाळी जावा-जावा, सासू-सुना चहाला बसाल, तेव्हा एकमेकींना एवढंच विचारा, 'काय गं, तपासून घेतलंस का?' अशा विचारण्यानंच एखादीची गाठ वेळेवर उजेडात येईल.