सांकेतिक भाषेची किल्ली

"चतू चधीक चणारये?"

मधल्या सुट्टीत मुलांच्या घोळक्यातून असे एखादे वाक्य कानावर पडले की जाणत्या माणसाला हसू येते. ही 'च'ची भाषा. तिचे निरनिराळे प्रकार आहेत. त्यांपैकी एकात शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी 'च' ठेवायचा. 'कधी'चे 'चधीक' होते, 'येणार'चे 'चणारये' होते आणि एकाक्षरी 'तू'चे 'चतू'. हा नियम मुलांना कोणी फळ्यावर लिहून शिकवत नाही. चारदोन वाक्ये ऐकली की तो त्यांना आपोआप सापडतो.

गंमत अशी, की मैदानावर नियम सहज ओळखणारी हीच मुले प्रश्नपत्रिकेत 'सांकेतिक भाषा' हे शीर्षक पाहिले की गोंधळतात. असे प्रश्न शिष्यवृत्ती परीक्षेपासून पोलीस भरती व बँकांच्या परीक्षांपर्यंत सर्वत्र विचारले जातात. इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी असणारी एनएमएमएस परीक्षाच घ्या. तिच्या बौद्धिक क्षमता चाचणीत ९० प्रश्न असतात आणि वेळ असतो ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. या परीक्षेतून निवड झालेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील विद्यार्थ्याला नववी ते बारावी अशी चार वर्षे दरसाल १२,००० रुपये मिळतात. तेव्हा अशा एखाद्या प्रश्नाचा एक गुण ही एखाद्या घरासाठी लहान गोष्ट नसते.

म्हणूनच या प्रश्नांच्या 'युक्त्या' पाठ करून घेण्याकडे आपला कल असतो. पण पाठ केलेल्या पंचवीस युक्त्यांपैकी नेमकी कोणती लावायची, हे तर कोणीतरी सांगावेच लागते! त्यापेक्षा नियम शोधण्याची रीत हाती आली तर अधिक बरे. ती रीत येथे क्रमाने पाहू.

अक्षरे तीच की नवी?

सांकेतिक शब्द पाहिल्याबरोबर पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: मूळ शब्दातलीच अक्षरे येथे आहेत, की नवी आली आहेत?

'सरबत' हा शब्द 'तबरस' असा लिहिला असेल, तर अक्षरे तीच आहेत, फक्त त्यांच्या जागा बदलल्या आहेत. अशा वेळी वर्णमालेकडे वळण्याचे कारणच नाही. केवळ जागांचे क्रमांक मांडावेत. १-२-३-४ चे ४-३-२-१ झाले, एवढाच नियम.

याउलट 'नगर' हा शब्द 'पघल' असा लिहिला असेल, तर सगळी अक्षरे नवी आहेत. न नंतर प, ग नंतर घ, र नंतर ल. प्रत्येक अक्षर वर्णमालेत एक घर पुढे सरकले आहे. याच रीतीने 'वजन'चे 'शझप' होईल.

पहिल्या प्रकाराला जागाबदल आणि दुसऱ्याला अक्षरबदल म्हणू. गुप्तलेखनाच्या शास्त्रातही हेच दोन मूळ प्रकार मानले जातात. रोमन सेनानी ज्युलियस सीझर आपल्या पत्रांत प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या पुढचे तिसरे अक्षर लिहीत असे. आपल्याकडे वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीतही 'म्लेच्छितविकल्प' म्हणजे सांकेतिक लेखनाची कला आहे. परीक्षेतला प्रश्न असा फार जुन्या कुळातला आहे.

क्रमांक चटकन कसा काढावा?

अक्षरबदलाच्या प्रश्नात अक्षराचा क्रमांक लागतो. मुले बोटावर मोजत बसतात आणि मिनिट संपते. पण आपली वर्णमाला ही नुसती रांग नाही, ती एक कोष्टक आहे. क, च, ट, त, प हे पाच वर्ग आणि प्रत्येक वर्गात पाच अक्षरे. वर्गांची पहिली अक्षरे लक्षात ठेवली, म्हणजे क १, च ६, ट ११, त १६, प २१, की काम झाले. 'द' हे त वर्गातले तिसरे अक्षर, म्हणून १६, १७, १८. 'भ' हे प वर्गातले चौथे, म्हणून २४. म २५ वर कोष्टक संपते आणि पुढे य २६, र २७, ल २८, व २९, श ३०, ष ३१, स ३२, ह ३३, ळ ३४.

क ते म या पंचवीस अक्षरांना १ ते २५ ही मूल्ये देण्याची कल्पना नवी नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या 'आर्यभटीय' ग्रंथात हीच मूल्ये वापरून प्रचंड खगोलीय संख्या दोनचार अक्षरांत बसवल्या आहेत.

इंग्रजी मुळाक्षरांसाठीही असेच खुंट रोवून ठेवावेत. ई ५, जे १०, ओ १५, टी २०, वाय २५. आर कितवे? टीच्या दोन घरे अलीकडे, म्हणून १८. 'उलट अक्षर' विचारले असेल तर २७ मधून क्रमांक वजा करावा, कारण ए १ आणि झेड २६ यांची बेरीज २७ येते व तीच पुढच्या प्रत्येक जोडीत कायम राहते. सी तिसरे, म्हणून त्याचे उलट अक्षर चोविसावे, म्हणजे एक्स.

'कॅट'साठी २४ आणि 'डॉग'साठी २६ असे संकेत दिले तर 'रॅट'साठी कोणता? सी, ए, टी यांचे ३ + १ + २० = २४ आणि डी, ओ, जी यांचे ४ + १५ + ७ = २६. दोन्हीकडे बेरीज जुळली, म्हणून आर, ए, टी यांचे १८ + १ + २० = ३९.

दोनदा आलेले अक्षर: आपला खबऱ्या

आता ही रीत थोडी खोल नेऊ. मूळ शब्दात एखादे अक्षर दोनदा आले असेल तर सर्वांत आधी त्याच्याकडे पाहावे.

'नमन' हा शब्द एका ठिकाणी 'पयप' असा लिहिला आहे. दोन्ही 'न' चे 'प'च झाले आहेत. म्हणजे येथे बदल अक्षरावर अवलंबून आहे. दुसऱ्या ठिकाणी 'नमन' हा शब्द 'परब' असा लिहिला आहे. पहिल्या 'न' चा 'प' झाला, पण दुसऱ्याचा 'ब'. म्हणजे बदल जागेवरही अवलंबून आहे. क्रमांक मांडू: २० चे २१, २५ चे २७, २० चे २३. फरक १, २, ३. याच नियमाने 'गरज'चे काय होईल? ३ + १ = ४, घ; २७ + २ = २९, व; ८ + ३ = ११, ट. उत्तर 'घवट'.

दोनदा येणाऱ्या अक्षराचे हे महत्त्व नवव्या शतकातील बगदादच्या अल किंदी या विद्वानाने ओळखले होते. एका अक्षराऐवजी नेहमी एकच दुसरे अक्षर लिहिले, तर अक्षराचे रूप लपते, पण ते किती वेळा येते हे लपत नाही. म्हणून सांकेतिक मजकुरातली अक्षरे मोजा आणि त्या भाषेत जास्त येणाऱ्या अक्षरांशी ताडून पाहा, असे त्याने सांगितले. या मोजणीला चकवण्यासाठी पंधराव्या-सोळाव्या शतकांत युरोपात जागेनुसार बदलणारे संकेत पुढे आले. 'नमन'चे 'परब' हे त्यांचेच छोटे रूप.

वाक्यांचे संकेत

काही प्रश्नांत अक्षरांऐवजी अख्खे शब्द बदलतात. उदाहरणार्थ:

७ ३ ५ – आंबा गोड आहे
३ ९ २ – आंबा झाडावर पिकला
५ ८ ९ – झाडावर गोड फळ

'फळ' या शब्दाचा संकेत कोणता? बरीच मुले तिसऱ्या ओळीत शेवटचा शब्द 'फळ' आणि शेवटचा अंक ९ पाहून ९ लिहितात. शब्द आणि अंक एकाच क्रमाने आहेत असे प्रश्नात कोठेही म्हटलेले नाही. ती आपणच धरलेली समजूत आहे.

योग्य रीत म्हणजे दोन ओळींतले समान ते शोधणे. पहिल्या व दुसऱ्या ओळीत 'आंबा' समान आणि अंक ३ समान. पहिल्या व तिसऱ्या ओळीत 'गोड' आणि ५. दुसऱ्या व तिसऱ्या ओळीत 'झाडावर' आणि ९. म्हणून तिसऱ्या ओळीत उरलेला ८ म्हणजे 'फळ'. गणितात ज्याला दोन संचांचा छेद म्हणतात तो हाच. वेन आकृती काढून हा प्रश्न फळ्यावर सोडवला तर संचांचा धडाही सोपा होतो.

चुकलेले उत्तर खरोखर चुकलेले असते का?

आता शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे असा मुद्दा. पुढील प्रश्न पाहा.

'गज' हा शब्द 'घझ' असा लिहिला, तर 'खत' कसा लिहाल?

बहुतेक मुले म्हणतील: ग नंतर घ, ज नंतर झ, म्हणून ख चा ग, त चा थ. उत्तर 'गथ'. पण समजा, एका मुलीने उत्तर लिहिले 'कथ'. आपण लाल रेघ मारून पुढे जाणार का? क्षणभर थांबून तिला कारण विचारावे. ती कदाचित म्हणेल, "सर, ग ला ह-कार जोडला की घ होतो, ज ला जोडला की झ. म्हणून मी ठरवले की जोडीतल्या एकाच्या जागी दुसरे लिहायचे. क-ख ही जोडी, म्हणून ख चा क. त-थ ही जोडी, म्हणून त चा थ."

या मुलीने अल्पप्राण आणि महाप्राण व्यंजनांची जोडी ओळखली आहे. तिचा नियम दिलेल्या उदाहरणाशी तंतोतंत जुळतो. दोष तिच्या विचारात नसून प्रश्नात आहे, कारण दिलेले उदाहरण दोन नियमांत निवाडा करू शकत नाही. उदाहरणात आणखी एक शब्द दिला असता, 'छत'चे 'जथ', की शंका उरली नसती. जोडीच्या नियमाने तेथे 'चथ' आले असते.

विज्ञानातही असेच घडते. एका निरीक्षणावर अनेक तर्क बसतात. त्यांतला कोणता टिकतो हे ठरवायला असे दुसरे निरीक्षण लागते, की ज्याबाबत ते तर्क वेगवेगळे भाकीत करतात. मुलांना परीक्षेसाठी जरूर सांगावे, की दिलेल्या सर्व उदाहरणांना लागू पडणारा सर्वांत साधा नियम घ्या आणि पर्यायांशी ताडून पाहा. पण वर्गात मात्र दुसरा सुसंगत नियम सांगणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. नाहीतर विचार करणारे मूल विचार करणे सोडून अंदाज बांधू लागेल.

प्रश्न रचणाऱ्यानेही काळजी घ्यावी. काना, मात्रा व जोडाक्षरे नसलेले शब्द निवडावेत आणि कोणता वर्णक्रम धरला आहे ते सांगावे. आपण 'ळ' शेवटी, 'ह' नंतर म्हणतो. पण संगणकावर देवनागरीसाठी जी युनिकोड पद्धत वापरतात तिच्यात क ला २३२५, ल ला २३५४ आणि ळ ला २३५५ हे क्रमांक आहेत. म्हणजे तेथे ळ हा ल च्या लगेच शेजारी बसतो!

संकेत लपवण्यासाठीच नसतो

युनिकोडवरून ध्यानात येईल, की संकेत केवळ गुपितासाठी नसतात. आपल्याकडची कटपयादी पद्धत तर स्मरणासाठीच होती. तीत क, ट, प, य या चारही अक्षरांचे मूल्य १. तेथून पुढे क्रमाने मोजायचे: ख, ठ, फ, र यांचे २, ग, ड, ब, ल यांचे ३, असे पुढे, ञ आणि न यांचे शून्य. अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे. कर्नाटक संगीतातील ७२ मेळकर्ता रागांची नावे या पद्धतीत बसवलेली आहेत. 'मेचकल्याणी' नावातील पहिली दोन अक्षरे घ्या. म चे ५, च चे ६. उलट वाचून ६५. हा पासष्टावा मेळ. 'धीरशंकराभरण'मध्ये ध चे ९, र चे २, म्हणून एकोणतिसावा. नाव आठवले की क्रमांक हाती आला आणि क्रमांकावरून त्या रागाचे स्वर.

वर्गात एक तास असा ठेवून पाहावा. मुलांच्या जोड्या कराव्यात. प्रत्येक जोडीने एक नियम ठरवून त्याची दोन उदाहरणे व एक प्रश्न लिहावा आणि चिठ्ठी शेजारच्या जोडीला द्यावी. शेजाऱ्यांना वेगळाच पण जुळणारा नियम सापडला, तर गुण त्यांना आणि प्रश्न दुरुस्त करण्याचे काम रचणाऱ्यांना. दहा प्रश्न सोडवून जे कळत नाही ते एक प्रश्न रचताना कळते.

स्वतः सोडवा

१. 'नवल' हा शब्द 'लवन' असा लिहिला, तर 'करवत' कसा लिहाल? दोन वेगवेगळी उत्तरे शोधा.
२. 'दम' म्हणजे ३४५५, तर 'तप' म्हणजे किती?
३. कटपयादी पद्धतीने 'मायामालवगौळ' हा कितवा मेळ?

उत्तरे: १. सर्व अक्षरे उलट क्रमाने लिहिल्यास 'तवरक'. फक्त पहिल्या व शेवटच्या अक्षराची अदलाबदल केल्यास 'तरवक'. तीन अक्षरी उदाहरण या दोन नियमांत फरक करू शकत नाही. २. आधी वर्गातील जागा, मग वर्गाचा क्रमांक, म्हणून १४१५. ३. म चे ५, य चे १. उलट वाचून पंधरावा.