शिलाई मशीनवर काढा गोधडीची रांगोळी

साताऱ्याहून आईचे पार्सल आले. आत तिची दोन जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी आणि एक चिठ्ठी होती. ‘वहिनीचे दिवस भरत आलेत. घरातल्या सगळ्या बाळांची दुपटी आजवर मीच शिवली. आता सुईत दोरा ओवता येत नाही. हे दुपटे तू शिव.’

हाताने एवढे टाके घालायला माझ्याकडे ना सवय होती ना वेळ. चेन्नईच्या घरात शिलाई मशीन मात्र होते. जुन्या चादरीवर प्रयत्न करून पाहिला. टाके कुठे लांब, कुठे एकावर एक. दोरा चारदा तुटला आणि मागच्या बाजूला गाठीच गाठी झाल्या. लुगडी दोनच होती. ती बिघडली तर तिसरे मिळणार नव्हते.

हात चालतो, दात नाही

नेहमीच्या शिलाईत मशीनचे दात कापड पुढे सरकवतात. गोधडीवर वेलबुट्टी काढायची, तर हे दात खाली घेतात किंवा पट्टीने झाकतात, भरतकामाचा पाय लावतात आणि कापड दोन्ही हातांनी हवे तिकडे फिरवतात. रिंग लावून मशीनवर भरतकाम केलेल्या मैत्रिणींना हे ओळखीचे वाटेल. इथे फक्त रिंग नसते आणि कापडाचे थर जास्त असतात.

टाक्याची लांबी आता तुमच्या हातावर ठरते. हात भरभर आणि मशीन हळू चालले, तर टाके लांब पडतात. मशीन जोरात आणि हात हळू असेल, तर टाके एकाच जागी साचतात. पाय एकाच लयीत ठेवा आणि इंचाला आठ-दहा टाके पडतील असा हात फिरवा. वळणावर हात झटकन ओढला जातो, तिथे विशेष सांभाळा.

मामींचा धडा

माझी चादर पाहून समोरच्या घरातल्या मामी हसल्या. त्या रोज पहाटे दारात कोलम काढतात. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत, त्यांचा कोलम अर्धा रस्ता व्यापतो. मोडक्या हिंदीत त्या म्हणाल्या, “पहले कागज पे. लाइन हाथ में बैठने दो.”

त्यांनी मला ‘सिक्कु कोलम’ शिकवला. यात ठिपक्यांभोवती रेघ गुंफत जाते. तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधील गिफ्ट आणि राणी सिरोमनी या प्राध्यापक दांपत्याने १९७० च्या दशकात अशा कोलमांचा गणिताच्या अंगाने अभ्यास केला होता. आपल्याला त्यातली एकच गोष्ट पुरे: काही कोलम एकाच अखंड रेघेत पूर्ण होतात, काहींना अनेक रेघा लागतात.

कागदावर चार-चार ठिपक्यांच्या तीन ओळी काढा. शेजारच्या दोन ठिपक्यांमधून तिरकी रेघ न्या. कडेला पोहोचलात की शेवटच्या ठिपक्याला वळसा घालून परत फिरा. सगळे ठिपके वेढून तुम्ही जिथून निघालात तिथेच याल. हेच चार-चार ठिपक्यांच्या चार ओळींवर करा. आता चार वेगळ्या रेघा लागतील. मशीनवर याचा अर्थ चारदा दोरा तोडणे आणि चारदा गाठ मारणे. बाळाच्या अंगाखालच्या दुपट्याला गाठी कशाला?

नक्षी निवडताना

• आधी बोटाने नक्षी गिरवा. बोट न उचलता ती पूर्ण झाली, तर ती मशीनला योग्य.

• पहिल्या सरावाला नागमोडी रेघ उत्तम. ती जमली की जिलबीसारखे वेटोळे, मग वेलपाने आणि कुयऱ्या घ्या.

• छापील कापडावर साधी नागमोडी पुरते. कोलम साध्या, एकरंगी कापडावरच उठून दिसतो.

• सगळीकडे शिलाई सारखीच दाट ठेवा. एका कोपऱ्यात गच्च आणि दुसरीकडे विरळ झाली, तर कापड आखडते.

• सुरुवातीला कापडाच्याच रंगाचा दोरा घ्या. वेगळ्या रंगात प्रत्येक चूक उठून दिसते.

शिवायला बसताना

चेन्नईच्या उकाड्यात कापूस भरण्याऐवजी जुन्या सुती साडीचे तीन-चार थर पुरतात. थर नीट पसरून दर चार बोटांवर कच्चे टाके घाला. त्याच कापडाचे वीतभर तुकडे करून रोज पंधरा मिनिटे सराव करा. सुई चौदा नंबरची आणि नवी घ्या. सुरुवातीला बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या, म्हणजे खाली गुंता होत नाही. वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसले, तर वरचा ताण थोडा सैल करा. मागे वरच्या दोऱ्याचे फास दिसले, तर थोडा वाढवा. शिलाई मधून सुरू करून कडेकडे जा, म्हणजे चुण्या मध्ये अडकत नाहीत.

या कलेला आता शहरातही मान मिळू लागला आहे. २०१९ च्या जानेवारीत चेन्नईतच ‘इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल’ भरला होता.

तीन आठवडे मी तुकड्यांवर आणि रद्दीच्या कागदांवर हात बसवला. मगच लुगड्याला कात्री लावली. बारशाला दुपटे घेऊन साताऱ्याला गेले. आईने चष्मा शोधलाच नाही. दुपटे उलटे करून मागच्या बाजूवरून बोटे फिरवली.

“टाके माझ्यासारखे नाहीत,” ती म्हणाली, “पण गाठ कुठे लागत नाही. घाल बाळाखाली.”

दुसरे लुगडे अजून माझ्या कपाटात आहे. आता त्याला हात लावायची भीती वाटत नाही.