अनिष्ट वर्णपटीय उत्सर्जन

मोबाइल दूरसंचारातील प्रक्षेपकाने नेमून दिलेल्या वाहिनीबाहेर सोडलेल्या रेडिओ ऊर्जेस अनिष्ट वर्णपटीय उत्सर्जन असे म्हणतात. ही ऊर्जा शेजारच्या वाहिनीत शिरली की तेथील ग्राहक यंत्राला फिल्टर लावून ती वेगळी करता येत नाही. त्यामुळे ती उगमापाशीच रोखावी लागते.

कारणे

चौथ्या व पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवांत एकच संदेश अनेक उपवाहकांवर विभागून पाठवला जातो. २० मेगाहर्ट्झच्या एलटीई वाहिनीत असे १,२०० उपवाहक असतात. त्यांची बेरीज होताना अधूनमधून सरासरीपेक्षा कितीतरी उंच शिखरे निर्माण होतात. शक्ती विवर्धक या शिखरांपाशी संपृक्त होतो व संकेत विरूपित होतो. तृतीय घाताच्या विरूपणामुळे २० मेगाहर्ट्झचा संकेत सुमारे ६० मेगाहर्ट्झपर्यंत, तर पंचम घाताच्या विरूपणामुळे १०० मेगाहर्ट्झपर्यंत पसरतो.

मापन

वाहिनीतील शक्ती आणि लगतच्या वाहिनीत गळणारी शक्ती यांचे गुणोत्तर डेसिबेलमध्ये मोजतात. एलटीई मानकानुसार ते मोबाइल संचासाठी किमान ३० डेसिबेल, म्हणजे गळती एक हजारांश, असावे लागते. मोठ्या तळस्थानकांसाठी ही मर्यादा साधारणतः ४५ डेसिबेल आहे.

उपाय

* शक्ती कमी ठेवणे: विवर्धक संपृक्ततेपासून दूर चालवल्यास विरूपण घटते, मात्र कार्यक्षमता कमी होऊन विजेचा मोठा भाग उष्णतेत वाया जातो.
* शिखरे छाटणे: छाटणीमुळेही विरूपण होत असल्याने त्यानंतर फिल्टर वापरतात.
* अंकीय पूर्वविरूपण: विवर्धकाच्या दोषाच्या नेमके उलट विरूपण संकेतात आधीच घालतात. त्यासाठी निर्गत संकेताचा अल्प अंश परत घेऊन मूळ संकेताशी ताडून पाहतात. रुंद पट्ट्यात विवर्धकाचे वर्तन आधीच्या क्षणांच्या संकेतावरही अवलंबून असते. हा ‘स्मृती परिणाम’ गणितात धरावा लागतो.
* निर्गत फिल्टर: दूरच्या वारंवारतांवरील उत्सर्जन यामुळे अडते, अगदी लगतच्या वाहिनीतील गळती मात्र थांबत नाही.

महत्त्व

२३.६ ते २४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात हवामान उपग्रह वातावरणातील बाष्पाचे अतिक्षीण नैसर्गिक उत्सर्जन मोजतात. जवळच २४.२५ गिगाहर्ट्झपासून मोबाइल सेवेचा पट्टा सुरू होतो. २०१९ मध्ये इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे झालेल्या जागतिक रेडिओसंचार परिषदेत या शेजारी पट्ट्यातील गळतीवर मर्यादा घालण्यात आली. १ सप्टेंबर २०२७ नंतर वापरात येणाऱ्या तळस्थानकांसाठी ती ६ डेसिबेलने अधिक कडक आहे.