कॉम्प्युटर बदलायचा, की त्यातली सिस्टिम?

आज आपण बोलणार आहोत ग्रामसंघाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरबद्दल. बऱ्याच गावांत तो असतो. कुठे देणगीत आलेला, कुठे जुना विकत घेतलेला. टेबलावर असतो, वर कापड झाकलेलं असतं. चालतोय तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही. अडला की मात्र सगळ्यांची धावपळ होते.

आमचंही तसंच झालं. २०२५ च्या दिवाळीआधी पडद्यावर इंग्रजीत एक सूचना यायला लागली. विंडोज १० चे अपडेट बंद होणार, असं त्यात होतं. दुरुस्तीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, हे मशीन आता भंगारात काढा. नवीन घ्या, ३५,००० पर्यंत बसेल." ३५,००० रुपये म्हणजे आमच्याकडे दोघीतिघींचं शेळ्यांचं कर्ज. बैठकीत विषय निघाला तेव्हा मागे बसलेल्या एका काकूंनी विचारलं, "मशीन मोडलंय का?" आम्ही म्हटलं, नाही, चालतंय. "मग टाकायचं कशाला?" काकूंच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही जे शिकलो, ते आज सांगतो.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय?

कॉम्प्युटरचा डबा, पडदा, कीबोर्ड, प्रिंटर ही झाली चूल आणि भांडी. हिशेबाचा प्रोग्रॅम, पत्र टाइप करायचा प्रोग्रॅम हे झाले स्वयंपाकाचे पदार्थ. पण चुलीवर आधी काय चढवायचं, डाळ कुठल्या डब्यात आहे, कुणाला कधी वाढायचं, हे बघणारी घरात एक बाई असते ना? कॉम्प्युटरमध्ये ते काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. तुम्ही बटण दाबलं की ते प्रोग्रॅमपर्यंत पोचवायचं, फाइल जागेवर ठेवायची, प्रिंटरला कागद छापायला सांगायचं, हे सगळं तिचं काम. विंडोज ही एक अशी सिस्टिम. लिनक्स ही दुसरी. आपल्या मोबाईलमधली अँड्रॉइड तिसरी, आणि तीसुद्धा लिनक्सच्याच गाभ्यावर उभी आहे. म्हणजे लिनक्स आपल्या हातात कधीचीच आलेली आहे, फक्त नाव माहीत नव्हतं.

यातून एक गोष्ट कळते. घर सांभाळणारी बदलली म्हणून चूल फेकावी लागत नाही. मशीन तेच ठेवून सिस्टिम बदलता येते. पण त्यात एक मोठा धोका आहे. तो आम्ही आधी भोगलाय, म्हणून तोच आधी सांगतो.

सिस्टिमच्या आधी आपली वही

दोन वर्षांपूर्वी आमचा कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला होता. दुरुस्तीला दिला. संध्याकाळी परत आला तो अगदी नव्यासारखा. उघडून बघितलं तर गटांचे हिशेब गायब. "फॉरमॅट मारलं ताई, त्याशिवाय होत नव्हतं," एवढंच उत्तर मिळालं. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. चार वर्षांची कर्जखाती पुसली गेली होती.

मग हाताने लिहिलेल्या वह्या आणि बँकेची पासबुकं घेऊन आम्ही आठवडाभर बसलो. एका ताईच्या दोन हप्त्यांची नोंद वहीत सापडेना. तिने भरले होते, हे तिला माहीत होतं, गटातल्या काहींनाही आठवत होतं. पण आठवणीवर हिशेब चालत नाही. शेवटी तिने पिठाच्या डब्याखाली जपून ठेवलेल्या पावत्या आणून दाखवल्या, तेव्हा विषय मिटला. पावत्या नसत्या तर तिच्यावर ठपका आला असता, आणि दोष तिचा काहीच नव्हता.

म्हणून आमचा पहिला नियम: सिस्टिम कुठलीही असो, ती पुन्हा मिळते. आपली वही पुन्हा मिळत नाही. मशीनला हात लावायच्या आधी नक्कल काढायची.

नक्कल काढताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, डेस्कटॉपवर, म्हणजे पडद्यावर समोर दिसणाऱ्या फाइलीसुद्धा सी ड्राइव्हच्या आतच असतात. समोर दिसतात म्हणून त्या सुरक्षित आहेत असं समजू नका. फॉरमॅट झाला की त्या जातात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स, हे चारही फोल्डर बघा. टॅलीसारखा हिशेबाचा प्रोग्रॅम असेल तर त्याची माहिती वेगळ्या फोल्डरमध्ये असते, तीही विचारून घ्या. दुसरी, नक्कल दोन ठिकाणी ठेवा. एक पेन ड्राइव्हवर आणि एक इंटरनेटवरच्या खात्यात किंवा दुसऱ्या पेन ड्राइव्हवर. दोन्ही एकाच कपाटात नकोत. तिसरी, नक्कल काढल्यावर ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडणारी नक्कल काय कामाची? याशिवाय आम्ही दर महिन्याला कर्जखात्याचा कागद छापतो आणि त्यावर सह्या घेतो. कागदाला व्हायरस लागत नाही.

विंडोज १० चं नक्की काय झालं?

विंडोज १० ही सिस्टिम २०१५ साली आली. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिला नेहमीचे अपडेट देणं थांबवलं. याचा अर्थ कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला असा नाही. तो चालतोच. पण सिस्टिममध्ये चोरांना शिरायला एखादी फट सापडली तर कंपनी ती बुजवत नाही. घराचं दार आहे, पण कडी मोडली तर सुतार येणार नाही, असं समजा. स्वतःच्या वापराच्या कॉम्प्युटरसाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळण्याची सोय कंपनीने ठेवली. ही मुदतवाढ विचार करायला वेळ देते, कायमचा इलाज नाही.

आता पुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट, विंडोज ११. तिला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीची बरीच मशीनं इथेच अडतात. आपलं मशीन बसतं का हे बघायला मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. रॅम किती आहे ते सेटिंग्जमध्ये, सिस्टिममध्ये, अबाउट या ठिकाणी दिसतं. मशीन बसत असेल आणि विंडोज १० रीतसर घेतलेली असेल तर ११ वर जायला वेगळे पैसे पडत नाहीत. मग हीच वाट सोपी.

दुसरी वाट, लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली. पुढे जगभरच्या लोकांनी मिळून ती वाढवली. ती मोफत आहे आणि मोफत घेणं हे कायदेशीर आहे. तिचे बरेच प्रकार आहेत. उबुंटू आणि लिनक्स मिंट हे नवख्या माणसाला सोपे. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचा प्रकार बनवला आहे. केरळमधल्या सरकारी शाळांत मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. लिनक्स मिंटला २ जीबी रॅम चालते, पण ४ जीबी असेल तर काम नीट होतं. पत्र आणि हिशेबासाठी त्यात लिबरऑफिस येतं. ते एक्सेलच्या साध्या फाइली उघडतं.

तिसरी वाट, नवीन मशीन. ती शेवटी.

एक चौथी वाट कुणीतरी सुचवेलच: "विंडोज ११ फुकटात टाकून देतो, काही होत नाही." क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप तोडून आणलेली सिस्टिम घेऊ नका. तोडणाऱ्याने आत काय ठेवलंय ते आपल्याला दिसत नाही, आणि त्याच कॉम्प्युटरवर आपण बँकेचा पासवर्ड टाकणार असतो.

काम बघून निवडा

कुठली सिस्टिम चांगली, असं विचारू नका. आपलं काम कुठलं, ते आधी कागदावर लिहा. आम्ही लिहिलं: बैठकीचे ठराव टाइप करणे, कर्जखाती, लोणच्या-पापडाची लेबलं, ऑनलाइन अर्ज, फोटो, ईमेल. यातलं बरंचसं काम ब्राउझरमध्ये होतं, आणि ब्राउझर दोन्हीकडे सारखाच चालतो.

पण काही कामं अशी आहेत की तिथे लिनक्स अडते. टॅली थेट लिनक्सवर चालवण्यासाठी बनवलेलं नाही. बँकेच्या कामाचं अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचा टोकन, हेही बऱ्याचदा विंडोज किंवा अँड्रॉइड धरूनच बनवलेले असतात. तुमच्याकडे यातलं एक जरी रोजचं काम असेल तर आधी चौकशी करा, मगच निर्णय घ्या.

मराठीचंही बघा. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मराठी दोन्हीकडे नीट दिसतं, आणि मराठी कीबोर्ड दोन्हीकडे जोडता येतो. पण जुनी पत्रं जर एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर भलतीच अक्षरं दिसतात. फाइल बिघडलेली नसते. तो फॉन्ट टाकला किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला की वाचता येतं. म्हणून जुन्या फॉन्टच्या फाइलीही नक्कल काढताना घ्या.

आमचं मशीन विंडोज ११ ला बसलं नाही. मग आम्ही लिनक्स मिंट आधी वापरून बघितली. साडी घेण्याआधी अंगावर टाकून बघतो, तसं हे करता येतं. माहीतगार मुलाकडून पेन ड्राइव्हवर लिनक्स तयार करून घ्यायची. कॉम्प्युटर सुरू होताना एफ १२, एफ २ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जे असेल ते बटण दाबायचं आणि पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं. मशीनमधली विंडोज जागच्या जागी राहते. प्रिंटर छापतो का, वायफाय लागतं का, मराठी टाइप होतं का, आपली हिशेबाची फाइल उघडते का, हे सगळं बघून घ्यायचं. आमचा प्रिंटर लगेच चालला, स्कॅनरला मात्र दोन दिवस खटपट करावी लागली.

पटलं तरच इन्स्टॉल करायचं. तिथे एक प्रश्न येतो: पूर्ण डिस्क पुसून टाकायची का? 'इरेज डिस्क' या ओळीवर हो म्हटलं की आधीचं सगळं जातं. तिथे थांबा, नक्कल पुन्हा एकदा तपासा, आणि घाई करणाऱ्याला सांगा, "दादा, दोन मिनिटं."

बिघडलं तर आधी घरी बघा

सुरूच होत नाही आणि पडद्यावर 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस' असं येतंय? आधी बघा, पेन ड्राइव्ह लावलेला राहिलाय का. काढा आणि पुन्हा सुरू करा. तरीही तसंच असेल तर डिस्क किंवा तिची वायर सैल असू शकते. लगेच नवीन सिस्टिम टाकू देऊ नका. आधी आतल्या फाइली वाचवायला सांगा.

तारीख दर वेळी चुकते आणि वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणतात? हा बऱ्याचदा व्हायरस नसतो. आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. डेस्कटॉप कॉम्प्युटरमध्ये बहुधा सीआर २०३२ या नंबरचा सेल असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. तो बदला आणि तारीख बरोबर लावा.

फार हळू चालतोय? विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. स्टार्टअप या भागात, सुरू होतानाच उघडणारे प्रोग्रॅम दिसतील. नको ते बंद करा. सी ड्राइव्ह भरली असेल तर नक्कल घेऊन मोकळी करा. मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तिच्याजागी एसएसडी बसवली की मोठा फरक पडतो. आम्ही तीच बसवली.

विंडोज वारंवार अडकते? तिच्या दुरुस्तीच्या पर्यायांत 'रीसेट' असतं. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं तर आपल्या फाइली राहतात, पण नंतर टाकलेले प्रोग्रॅम जातात. तरीही नक्कल आधीच काढा.

पडद्यावर एकदम "व्हायरस आलाय, या नंबरवर फोन करा" असं आलं तर फोन करू नका. तो फसवणुकीचा धंदा आहे. ब्राउझर बंद करा, नाही झाला तर मशीन बंद करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

आणि काहीही बिघडलं तरी पडद्यावरच्या अक्षरांचा मोबाईलवर फोटो काढा. "काहीतरी इंग्रजीत आलं" असं सांगितलं की दुरुस्तीवाला स्वतःच्या सोयीचा इलाज करतो. फोटो दाखवला की त्याला नेमकं बोलावं लागतं. मशीन देताना चिठ्ठीवर लिहून द्या: विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचा नाही. खाली त्याची सही घ्या.

आमच्या बैठकीत अखेर ठराव झाला. मशीन तेच, एसएसडी नवी, सिस्टिम लिनक्स मिंट. बँकेचं काम बघणारी ताई अंगठ्याचं मशीन मोबाईललाच जोडते, ते तसंच ठेवलं. पहिले पंधरा दिवस बटणं सापडेनात, चिडचिडही झाली. आता सचिव ताई स्वतः लेबलं छापतात. ३५,००० रुपये गटातच राहिले, आणि त्यातलं एक कर्ज पावत्या जपून ठेवणाऱ्या त्याच ताईला गेलं.

तुमच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचं कापड या आठवड्यात बाजूला करा. सिस्टिम कुठली ते नंतर बघा, पेन ड्राइव्ह लावून आधी नक्कल काढा. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.