आधी बोर्ड ठरवा

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून आम्ही लॅमिंग्टन रोडला लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण इथे येणारा प्रत्येक जण अजून लॅमिंग्टनच म्हणतो. फुटपाथवर केबल, चार्जर, रिमोटचे ठेले. मॉनिटरची खोकी डोक्यावर घेतलेला हमाल "बाजू, बाजू" करत पुढे जातो. एका अरुंद जिन्याने वर चढलं की आम्हाला गाठायचं दुकान.

सोबतची माझी भाची आर्किटेक्चरला आहे. ब्लेंडरमध्ये उभ्या केलेल्या इमारतीचं एक चित्र रेंडर व्हायला तिच्या लॅपटॉपवर अख्खी रात्र जाते. म्हणून आता कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायचा आहे. काउंटरवरचा मुलगा तिची यादी वाचतो आणि पहिल्याच दोन ओळींवर थांबतो.

"ताई, प्रोसेसर रायझन ५ ७६०० आणि रॅम घरची?"

"हो. दादाकडे बत्तीस जीबी पडून आहे. डीडीआर-४."

"मग नाही बसणार."

तो खणातून दोन रॅम काढून काचेवर शेजारी शेजारी ठेवतो. एक डीडीआर-४, एक डीडीआर-५. लांबी तीच, पिनाही दोन्हींना २८८. पण खालच्या कडेची खाच एकीत जरा इकडे, दुसरीत जरा तिकडे. भाची नखाने दोन्ही खाचा चाचपते. फरक जेमतेम काही मिलिमीटरचा आहे. चुकीची रॅम बसूच नये म्हणून तो मुद्दाम ठेवलेला.

७६०० ला लागतं एएम-५ सॉकेट. ते २०२२ मध्ये आलं आणि त्यावर फक्त डीडीआर-५ चालते. जुनी रॅम वापरायचीच तर तो दोन वाटा सांगतो: एएम-४ घ्या, नाहीतर इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतला प्रोसेसर घ्या, त्यांच्यासाठी डीडीआर-४ चे मदरबोर्डही मिळतात. "पण मग चार वर्षांनी प्रोसेसर वाढवायचा म्हणाल तर बोर्डही जाणार. एएम-५ साठी एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही प्रोसेसर आणू असं सांगितलंय."

भाची माझ्याकडे बघते. "मावशी?"

"तुला वापरायचाय. तू ठरव."

ती रॅमची ओळ खोडते आणि सोळा-सोळाच्या दोन नव्या लिहिते. बोर्ड बी-६५०.

ग्राफिक्स कार्डावर तिने सर्वात जास्त विचार केलेला दिसतो: आरटीएक्स ५०६० टीआय, सोळा जीबीचं, कारण मोठा सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही की रेंडर रखडतो. निवड बरोबर आहे. पण तीन पंख्यांच्या त्या कार्डाला मुलगा टेप लावतो: ३०३ मिलिमीटर. तिला आवडलेल्या छोट्या कॅबिनेटवर कमाल लांबी २९० छापलेली. तीच चिप, तीच मेमरी, पण दोन पंख्यांचं आखूड कार्ड तो खाली काढतो, आणि कॅबिनेट वाचतं.

यादीत शेवटी लिहिलंय, "एसएमपीएस – कुठलाही, ४५० वॅट." हे मला फार खटकतं. उरलेल्या पैशांत एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, घ्यायची ही सवय इतकी रुळलेली आहे की शिकलेसवरलेलेही तेच करतात, आणि तो बिघडताना बोर्ड-कार्ड घेऊन जाऊ शकतो. मुलगा कागदावर हिशेब मांडतो. कार्ड १८० वॅट. प्रोसेसर नावाला ६५, पण भरात आला की ८८ पर्यंत जातो. वर पंखे, एसएसडी, आणि कार्डाचे क्षणिक झटके. या कार्डाला कंपनीच ६०० चा एसएमपीएस सुचवते. तो चांगल्या प्रतीचा ६५० वॅटचा काढतो आणि बजावतो, "जुन्या एसएमपीएसची केबल याला कधी लावू नका. टोक बसतं, पण आतल्या तारांची जागा कंपनीगणिक वेगळी असते. सगळं जळेल."

विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला असं अडवावं, यासाठीच मी तिला इथवर आणलंय.

आता बोर्ड टेबलावर. एएम-५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावरच्या सॉकेटात असतात, १७१८ बारीक पिना. मुलगा भाचीच्या हातात प्रोसेसर देतो. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटाच्या खुणेशी जुळवून ती तो अलगद सोडते, दाबत नाही. दांडी खाली येते तसं प्लास्टिकचं झाकण टचकन उडतं. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. ७६०० मध्ये साधं ग्राफिक असल्याने कार्ड न लावताच स्क्रीनची केबल बोर्डाला.

बटण दाबलं. पंखा फिरतो, स्क्रीन काळी. मिनिट जातं. भाची माझं मनगट धरते.

"थांबा. पहिल्यांदा रॅमशी जुळवून घ्यायला बोर्ड वेळ घेतो."

बायोस उघडतं. रॅमचा वेग दिसतो ४८००, खोक्यावर तर ६००० लिहिलेलं. तो बायोसमधलं एक्स्पो हे सेटिंग चालू करतो, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करतो: ६०००. मग बिलबुक ओढून प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहायला घेतो, कारण वॉरंटी प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि भाची खोकी फिरवून त्याला आकडे वाचून दाखवते.